राजवीथीतील शटरे : जड का होतात, हलकी कशी होतात

तंजावूरच्या राजवाड्याला चारही दिशांनी राजवीथींचा वेढा आहे. नायक राजांनी उभारण्यास प्रारंभ केलेला हा राजवाडा इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांच्याकडे आला आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांचे निधन होईपर्यंत मराठी सत्तेचे केंद्र राहिला. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो, दरबार महालातील रंगकाम पाहतो आणि परतीच्या वाटेला लागतो. भोवतालच्या गल्ल्यांतून थोडे पायी फिरण्याची सवड ज्याला मिळते, त्याच्या कानावर मात्र क्वचित एखाद्या घरातून तमिळ वळणाची, जुन्या शब्दांची तंजावुरी मराठी पडते. तिसरी-चौथी पिढी मद्रास, बंगळूर आणि त्याहूनही दूर गेली असली तरी घरे अद्याप आहेत आणि घरांतून वडीलधारी मंडळीही आहेत.

या जुन्या वस्तीची घरे रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब. पुढे बसण्याचा ओटा, ज्याला तेथे ‘तिण्णै’ म्हणतात. ही घरे बांधली गेली तेव्हा मोटारगाडी ही वस्तूच नव्हती. पुढे स्कूटर आली, मग लहान मोटार आली आणि प्रत्येक घराने तिच्यासाठी आपापल्या परीने जागा काढली. कुणी बाजूचा बोळ झाकून घेतला, कुणी धान्याची पुढची कोठी रिकामी केली, कुणी ओट्याचा अर्धा भाग उतरवला. अशा जागेला बाहेर उघडणारे दार परवडत नाही, कारण पाऊल टाकले की रस्ताच. आत उघडणारे दार लावावे तर गाडी मावत नाही. मग उरते ते वर गुंडाळले जाणारे लोखंडी शटर. गॅरेज म्हटले की आपल्याकडे मेकॅनिकचे दुकानच प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु पुणे, सांगली, बेळगाव, हुबळी अशा कोणत्याही जुन्या पेठेत घरच्या गाडीचा निवारा म्हणजे बहुधा अशीच एक शटरामागची खोली असते. म्हणून तंजावूरचे हे दुखणे आपलेही आहे.

दुखणे तसे साधे वाटते. शटर थोडे जड झाले, थोडे कुरकुरू लागले, की घरातील तरुण जरा अधिक जोर लावतो आणि विषय संपतो. तरुण परगावी असतो तेव्हा तो संपत नाही. सत्तरीच्या गृहस्थांना पहाटे पत्नीला रुग्णालयात न्यावयाचे आहे, गाडी आत आहे, आणि शटर गुडघ्याइतके वर येऊन अडले आहे, हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. याच्या उलट प्रसंग अधिक वाईट. जोर लावून वर नेलेले शटर हातातून सुटते आणि खाली उभ्या असलेल्या माणसावर येते. घरच्या घरी काय करता येते हे जितके समजून घ्यावे, तितकेच कशाला हात लावू नये हेही समजून घेणे अगत्याचे आहे.

शटर म्हणजे तराजू

थोडे गणित मांडून पाहू. १.२ मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ९.४ किलो भरते. अडीच मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा एका गाडीच्या दाराचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. नुसता सपाट पत्रा धरला तरी छप्पन किलो झाले. पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा आणि तळाची जाड पट्टी धरली की वजन त्याच्याही बरेच वर जाते. मग हे ओझे एखादी गृहिणी दोन हातांनी सहज वर कसे ढकलते?

याचे उत्तर वरच्या पत्र्याच्या आवरणात दडलेले आहे. तेथे भिंतीपासून भिंतीपर्यंत एक पाइप असतो आणि त्यावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढले की स्प्रिंगांना पीळ बसतो. वर जाताना तो पीळ उलगडतो आणि माणसाच्या वतीने वजन उचलतो. या रचनेतील खुबी अशी की शटर पूर्ण खाली असते तेव्हा लोंबते वजन सर्वांत अधिक, आणि पीळही सर्वांत अधिक. जसजसे शटर वर गुंडाळले जाते तसतसे लोंबते वजन घटते, आणि पीळही त्याच प्रमाणात सैल होतो. म्हणजे एका पारड्यात शटर आणि दुसऱ्या पारड्यात स्प्रिंग. दोन्ही पारडी सारखी असतील तर माणसाने फक्त बोट लावायचे.

एवढे ध्यानात आले की निदानाचा निम्मा भाग झाला. शटर जड झाले आहे ही तक्रार ऐकताच विचारावयाचा प्रश्न एकच : वर नेतानाच जड लागते, की खाली आणतानाही?

दोन्ही वेळा जड लागत असेल तर दोष घर्षणाचा आहे. खाचेत घाण असेल, खाच वाकली असेल, पट्ट्या सरकल्या असतील किंवा गंजल्या असतील. वर नेताना जड आणि खाली येताना मात्र धावत सुटते, अशी अवस्था असेल तर दोष तराजूचा आहे. स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. याउलट, वर जाताना शटर हातातून निसटून आदळते आणि खाली ओढताना लटकावे लागते, तर स्प्रिंगेला पीळ प्रमाणाबाहेर दिला गेला आहे. नव्याने दुरुस्ती झालेल्या शटरात हा तिसरा प्रकार विशेष आढळतो, कारण ‘हलके करून द्या’ या ग्राहकाच्या आग्रहापोटी कारागीर एखादा फेरा अधिक देऊन मोकळा होतो.

घर्षणाचा दोष बहुतांशी घरी निवारता येतो. तराजूचा दोष घरी निवारण्याचा नव्हे. या लेखातील पुढील सर्व सूचना या एका भेदावर उभ्या आहेत.

आधी झाडू, मग परीक्षा

शटराच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगत पन्हळीसारखी लोखंडी खाच असते. कारागीर तिला ‘गाइड’ म्हणतात. पट्ट्यांची टोके या खाचेतून वरखाली धावतात. रस्त्यालगतच्या घरात या खाचेत काय साठत नाही? धूळ, वाळलेली पाने, कोळिष्टके, गांधीलमाशीने बांधलेले मातीचे घर, आणि यांहून अधिक त्रासदायक म्हणजे मागील कित्येक वर्षांत ‘वंगण’ म्हणून ओतलेले नाना प्रकारचे तेल. खोबरेल तेल, गोडे तेल, गाडीतून काढलेले जळके तेल, यांतील काहीही खाचेत घालू नये. खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होते, जळके तेल धुळीला धरून ठेवते, आणि दोहोंचा मिळून असा काळा राप तयार होतो की शटर त्यात रुतून बसते. जाड ग्रीसचीही खाचेत तीच गत होते.

म्हणून प्रथम शटर पूर्ण वर न्यावे. खाच मोकळी होते. सुकलेल्या ब्रशने वरून खाली झाडून घ्यावी, चिकट राप असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावी. त्या वेळी जवळपास देवापुढचा दिवा, उदबत्ती वा विडी नसावी आणि खोली हवेशीर असावी, हे सांगावयास नकोच. खाच कोरडी झाल्यावर सिलिकॉनचा फवारा हलकेच मारावा; तो न मिळाल्यास साधी मेणबत्ती खाचेच्या आतील कडांवर घासली तरी काम भागते. मेण कोरडे असते, धूळ धरत नाही. शिलाई यंत्राचे तेल थेंब-थेंबाने वापरावे ते कुलपाच्या सरकत्या दांड्यांवर.

ही सफाई झाल्याशिवाय शटराच्या तोलाची परीक्षा घेऊ नये. कारण मोठे गमतीचे आहे. रापाने भरलेली खाच थकलेल्या स्प्रिंगेचा दोष झाकते. शटर मध्यावर सोडले तर ते खाली येत नाही, आणि मालकास वाटते तोल उत्तम आहे. प्रत्यक्षात त्यास घाणीने धरून ठेवलेले असते. अशा घरी सफाई केल्यानंतर शटर पूर्वीपेक्षा वेगाने खाली येऊ लागते आणि दोष सफाईवर येतो. वस्तुतः सफाईने आजार उघड केलेला असतो.

परीक्षा अशी घ्यावी. मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत, पायांत बूट असावेत. शटर कमरेइतके वर आणावे आणि दोन्ही हात मधल्या मुठींवर ठेवूनच पकड सैल करावी. हात काढून घेऊ नयेत. तोल बरोबर असेल तर शटर जागीच थांबते किंवा किंचित हलते. खाली घसरू लागले तर स्प्रिंग कमी पडते आहे, वर ओढू लागले तर अधिक आहे. परीक्षा एवढीच, तिचा निकाल कारागिराला सांगण्यासाठी आहे.

सडा, कोलम आणि गंज

तंजावूरच्या शटराचे एक दुखणे मात्र खास तेथले आहे, आणि ते तेथील सुंदर चालीतून उपजले आहे. पहाटे घरापुढची जमीन झाडून पाणी शिंपडावयाचे आणि तांदळाच्या पिठाचा अथवा पांढऱ्या भुकटीचा कोलम रेखावयाचा, ही तमिळ घराची नित्याची रीत. मराठी घरांतील सडा-रांगोळीशी तिचे नाते सहज जुळते. मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तर कोलम अधिक मोठे आणि पाणीही अधिक. हे पाणी शटराच्या तळपट्टीखाली आणि दोन्ही खाचांच्या पायथ्याशी जाऊन थांबते. पीठ तेथे आंबते, भुकटी घट्ट बसते. रोज सकाळी अर्धा तास ओले राहणारे लोखंड किती वर्षे टिकणार?

यावर कोलम बंद करणे हा उपाय कुणी सुचवणार नाही. खाचेचा तळ एखाद्या जुन्या दात घासण्याच्या ब्रशने आठवड्यातून एकदा मोकळा करावा. उंबऱ्याचा उतार रस्त्याकडे नसून आत असेल तर गवंड्याकडून सिमेंटचा पातळ थर देऊन तो बदलून घ्यावा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. तळपट्टीवर गंज धरला असेल तर तो तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने निघेल तितका काढावा, रेड ऑक्साइडचा अस्तराचा हात द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. गंजावरच रंग चढवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. गंजाने पत्र्याला भोके पाडली असतील तर रंगाचा खर्च व्यर्थ आहे; तळपट्टी बदलावी. सर्व शटर बदलण्याची गरज नसते, हे मात्र ग्राहकाने स्वतः आग्रहाने विचारावे.

रंगाच्या बाबतीत एक चूक सर्रास घडते. उत्साही रंगारी खाचेच्या आत आणि पट्ट्यांच्या सांध्यांतही भरपूर रंग भरतो. पट्ट्या एकमेकींत कड्यांप्रमाणे अडकवलेल्या असतात आणि शटर गुंडाळले जाताना प्रत्येक सांधा थोडा वळावा लागतो. सांध्यात रंग सुकला की शटर ताठ होते, आणि दिवाळीला रंगवलेले देखणे शटर संक्रांतीपर्यंत उघडता उघडत नाही. सांधे ब्रशच्या टोकाने अगदी पातळ रंगवावेत आणि रंग ओला असताना शटर गुंडाळू नये.

तिरके चालणारे शटर

शटर एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली, असे तिरके चालू लागले तर पुष्कळदा दोष उचलणाऱ्याच्या सवयीत असतो. एका टोकाला उभे राहून एका हाताने उचलण्याची सवय शटराला दर वेळी खाचेत पाचरीसारखी बसवते. दोन्ही हात मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून उचलावे; उंची पोहोचत नसेल तर मध्यभागी अडकवण्याचा लोखंडी आकडा ठेवावा.

सवय सुधारूनही तिरकेपणा राहिला तर पट्ट्या पाहाव्यात. प्रत्येक पट्टी आडवी सरकू नये म्हणून एकाआड एक पट्टीच्या टोकांना लहान पकडी रिव्हेटने बसवलेल्या असतात. पकड निसटली की पट्टी हळूहळू एका बाजूला सरकते आणि तिचे टोक खाचेच्या भिंतीला घासू लागते. शटर खाली आणून समोर उभे राहिले तर सरकलेली पट्टी नजरेस येते. खाचेजवळ चकचकीत ओरखडा दिसतो. अशी पट्टी शटर पूर्ण बंद असताना, टोकावर लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीने जागेवर सरकवता येते. हा उपाय तात्पुरता समजावा. नवी पकड बसवण्यासाठी शटरवाल्यास बोलवावे. काम किरकोळ आहे.

खाच स्वतःच वाकली असेल तर ती बहुधा स्कूटरच्या हँडलने किंवा गाडीच्या बंपरने वाकलेली असते, आणि घरात त्यावरून थोडा वादही होऊन गेलेला असतो. आतून लाकडी फळी घालून बाहेरून ठोकत ती सरळ करता येते. भिंतीतील पकडच सुटली असेल, खाच हाताने हलत असेल, तर शटर वापरणे थांबवावे. खाचेतून एक बाजू बाहेर आलेले शटर पूर्ण वजनानिशी माणसाच्या अंगावर येते.

कुलपाचेही थोडे. ‘कुलूप लागत नाही’ या तक्रारीत कुलपाचा दोष क्वचितच असतो. जमिनीतील किंवा खाचेतील ज्या भोकात दांडी बसावयाची, ते भोक मातीने भरलेले असते किंवा तळपट्टीखाली खडा अडकून शटर बोटभर वर राहिलेले असते. कानशीने भोक मोठे करण्यापूर्वी ते स्वच्छ करून पाहावे. किल्लीच्या छिद्रात तेल घालू नये, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी. बँकेच्या शाखांतील सहकाऱ्यांनी मात्र हा भाग घरापुरताच वापरावा; शाखेच्या शटराला वा कुलपाला काही झाले तर ठरलेल्या पद्धतीनेच कळवावे, हौसेला तेथे वाव नाही.

लाकडी दरवाजा असेल तर

राजवीथीतील काही घरांना, आणि आपल्याकडील वाड्यांनाही, गाडीच्या जागेवर अद्याप दुपाखी लाकडी दरवाजा आहे. तो काढून शटर लावण्याची घाई करू नये, असे सुचवावेसे वाटते. सागवानी दरवाजा शंभर वर्षे टिकतो, शटर क्वचित त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके.

अशा दरवाज्याची मुख्य तक्रार म्हणजे पावसात फुगणे. तंजावूरचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर. त्या काळात दार घासले की सुताराला बोलावून रंधा मारून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. ओले लाकूड फुगलेले असते. तेव्हा रंधा मारला तर उन्हाळ्यात दार आक्रसून बोटभर फट पडते, आणि त्या फटीतून धूळ, उंदीर व परकी नजर आत येते. दार घासते कोठे हे खडूने शोधावे. चौकटीच्या कडेला खडू फासून दार लावावे. जेथे खडू दाराला लागेल तेथे खूण करून ठेवावी आणि कोरडे दिवस आल्यावर तेवढाच भाग साफ करावा. उघडी कड नंतर रंगाने वा तेलाने बंद करावी, कारण पाणी शिरते ते याच कडेतून.

दार खाली लोंबले असेल तर फुगण्याचा दोष देण्याआधी बिजागरीचे स्क्रू पाहावेत. भोक सैल झाले असेल तर त्यात लाकडाची खुंटी सरसासह ठोकून स्क्रू पुन्हा बसवावा. लांब स्क्रू घालणे हाही मार्ग आहे. परंतु जुन्या चौकटीत तो लाकूड चिरू शकतो.

वीज गेली तर

अलीकडे विजेच्या मोटरवर चालणारी शटरे घरोघरी येऊ लागली आहेत. त्यांच्या बाबतीत पहिली सूचना अशी की वीज नसताना ते हाताने कसे उघडते हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ठाऊक असावे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि तंजावूर, नागपट्टिणम, तिरुवारूर, पुदुकोट्टै या जिल्ह्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने पडले. अनेक ठिकाणी वीज परतण्यास बरेच दिवस लागले. अशा प्रसंगी मोटर निरुपयोगी. बहुतेक यंत्रांना साखळी, दांडा किंवा ओढण्याची दोरी दिलेली असते. ती माळ्यावरच्या पेटीत नसून शटराजवळ टांगलेली असावी, आणि वर्षातून दोनदा तिचा उपयोग करून पाहावा.

मोटर चालत नसेल तर प्रथम खटका, मग रिमोटमधील सेल, मग संवेदकाची काच पाहावी. काचेवरचे कोळिष्टक वा धूळ हे कारण अनेकदा पुरेसे ठरते. मुलांनी खेळता खेळता शटर पाच-सात वेळा वरखाली केले आणि मग ते बंद पडले, तर घाबरू नये. या मोटरी सलग काही मिनिटेच चालण्यासाठी बनवलेल्या असतात. तापल्या की आतील रक्षक खटका त्यांना थांबवतो. अर्धा तास थांबून पाहावे. शटर जमिनीपासून वरच थांबते किंवा वर जाऊन आदळते, तर मर्यादेचा खटका सरकला आहे. तो यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे किंवा कारागिराकडून बसवून घ्यावा. मोटर जोराने गुणगुणते पण शटर हलत नाही, तेव्हा वीज त्वरित बंद करावी. कमजोर झालेल्या स्प्रिंगेचे सारे ओझे मोटरवर आलेले असते आणि ती जळण्याच्या बेतात असते. मोटर बदलून देणारे पुष्कळ भेटतात, तोल तपासणारे थोडे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगणे योग्य. शटर अडलेले असताना गाडीचे इंजिन चालू ठेवून वाट पाहू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि बंद खोलीत तो थोड्या वेळात प्राणघातक ठरतो. आधी दार पूर्ण उघडावे, मग किल्ली फिरवावी.

कारागिराला काय विचारावे

रात्री गॅरेजमधून मोठा ‘धाड’ आवाज आला, सकाळी सर्व काही जागच्या जागी दिसते, मात्र शटर उचलता उचलत नाही. ही स्प्रिंग तुटल्याची खूण. त्या शटराशी झोंबू नये. अर्ध्यावर अडकलेले असेल तर खालून ये-जा करू नये, भक्कम लाकडी टेकू द्यावा. वरचे आवरण उघडून पाहण्याची उत्सुकता आवरावी. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हातातील पाना गोळीसारखा फेकला जातो. अनुभवी कारागीरही बोटे गमावून बसले आहेत.

शटरवाला आला की त्याला सफाईनंतरच्या परीक्षेचा निकाल सांगावा. पाइपवर किती स्प्रिंगा आहेत आणि त्यांतील किती जुन्या आहेत, हे विचारावे. एक तुटली असेल तर तिच्या बरोबरीच्या इतर स्प्रिंगांचे वयही तेवढेच. सर्व एकदम बदलल्यास मजुरी एकदाच पडते. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी शटर कमरेपर्यंत आणून तोल स्वतः पाहावा. नवे शटर घ्यावयाचे असेल तर भारतीय मानक ६२४८ चा उल्लेख करावा. निदान पत्र्याची जाडी लिहून घ्यावी, कारण दर चौरस फुटावर ठरतो आणि काटकसर जाडीत होते. दहा चौरस मीटरहून मोठे शटर हाताने ढकलण्याचा आग्रह धरू नये. त्याला साखळी किंवा दांड्याने फिरणारी यंत्रणा लावण्याची पद्धत आहे.

परदेशातील घरी

तंजावूरच्या काय, पुण्याच्या काय, अनेक घरांतील मुले आता अमेरिकेत आहेत आणि आईवडील सहा महिने तेथे राहावयास जातात. तेथील गॅरेजचे दार गुंडाळले जात नाही. रुंद फळ्यांचे ते दार रुळांवरून वर जाऊन छताखाली आडवे होते. उचलून उघडण्याचे हे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केले आणि १९२६ मध्ये त्यासाठी विजेचे यंत्रही. तत्त्व मात्र तेच, तराजूचे. दारावरच्या आडव्या दांड्यावरील स्प्रिंग साधारणतः दहा हजार वेळा उघडझाप होईल अशा हिशेबाने बनवतात. दिवसातून चार वेळा दार उघडणाऱ्या घरात तो हिशेब सात वर्षांच्या आतच संपतो.

तेथे १९९३ पासून बनलेल्या विजेच्या यंत्रांना, अडथळा येताच दार उलटे फिरवणारी सोय कायद्याने आवश्यक आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन लहान डोळे असतात. दार खाली येता येता परत वर जात असेल तर बहुधा या डोळ्यांपैकी एक पुसावयाचा असतो, किंवा नातवाच्या सायकलीचा धक्का लागून तो वाकडा झालेला असतो. दोन्ही डोळे एकमेकांसमोर आणले की काम होते. महिन्यातून एकदा दाराखाली सुमारे चार सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवून दार खाली सोडून पाहावे. फळीला टेकताच ते परतले पाहिजे. न परतल्यास ते दार दुरुस्त होईपर्यंत बटणाने वापरू नये, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

इकडे सफाईचा मुहूर्त पावसाआधीचा. महाराष्ट्रात मे महिना, तंजावुरात सप्टेंबर. सफाई झाली की शटराच्या आतल्या बाजूस, डोळ्यांच्या उंचीवर, रंगाने दोन तारखा लिहून ठेवण्याची पद्धत फार उपयोगी पडते : खाच शेवटची केव्हा स्वच्छ केली आणि स्प्रिंग शेवटची केव्हा बदलली. घरातील तरुण परगावाहून दूरध्वनीवर विचारतो तेव्हा वडिलांना ती दोन ओळींत वाचून दाखवता येते.